आंघोळीच्या गोळीचा रंग : कापडाला चालतो तो अंगाला चालत नाही

आमचा धंदा टॉवेल आणि चादरींचा. सोलापुरात ज्याने आयुष्य काढले त्याला रंगाचे डबे, सोड्याची पोती आणि मिठाची गोणी नवीन नाहीत. पण या लेखात कापडाविषयी लिहायचे नाही. गेल्या काही वर्षांत आमच्या घराघरांतून मुली आणि गृहिणी एक नवा जिन्नस बनवू लागल्या आहेत. त्याला बाथ बॉम्ब म्हणतात. नाव भयंकर असले तरी वस्तू साधी आहे. खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूफूल एकत्र दाबून केलेली ही गोळी पाण्यात टाकली की फसफसते, सुगंध सुटतो आणि पाण्याला रंग येतो. लग्नाच्या भेटी, ईदीची पाकिटे, ब्युटी पार्लर, लहान हॉटेले असे तिचे गिऱ्हाईक आहे. भांडवल थोडे लागते आणि काम घरात बसून होते, म्हणून पुष्कळ भगिनी यात पडत आहेत.

या गोळीचा जन्म इंग्लंडमधील पूल या गावी झाला. मो कॉन्स्टंटाईन या बाईंनी १९८९ साली पाण्यात फसफसणारी औषधी गोळी पाहून आंघोळीसाठी तशीच गोळी करून पाहिली. तेथे लोक टबात पडून आंघोळ करतात. आपल्याकडे बादली आणि तांब्या असतो. म्हणून आपल्याकडे लहान गोळी बादलीसाठी किंवा पाय बुडवून बसण्याच्या घमेल्यासाठी जास्त खपते. हा फरक रंग निवडताना लक्षात ठेवावा लागतो. टबात दीड-दोनशे लिटर पाणी असते आणि बादलीत पंधरा-वीस. टबासाठीचा रंग बादलीत टाकला तर तो दहापट गडद होतो.

चूक आमच्या हातून झाली

आमची एक भाची या कामात आहे. दोन मुलांची फी ती यातून भरते. दोन वर्षांपूर्वी एका लग्नघराने तिला भेटीसाठी गुलाबी गोळ्यांची ऑर्डर दिली. ती दुकानात आली आणि म्हणाली, "मामू, तुमच्याकडे रंगाचे इतके डबे आहेत. त्यातला चमचाभर गुलाबी द्या ना. बाजारातला रंग फिका पडतो."

आम्ही म्हणालो, "घे बेटी, यात काय मोठेसे." आणि नमुन्याच्या डब्यातून पुडी बांधून दिली. पैसेही घेतले नाहीत. आपण मदत केली असेच वाटले.

गोळ्या दिसायला सुरेख झाल्या. आठ दिवसांनी लग्नघरातून निरोप आला. आंघोळीनंतर अंग पुसलेले पांढरे टॉवेल गुलाबी झाले होते आणि दोनदा धुऊनही डाग हटत नव्हते. एका लहान मुलीचे तळहात चार दिवस गुलाबी राहिले. एका बाईच्या मानेवर खाज उठली. खाज दोन दिवसांत गेली, अल्हम्दुलिल्लाह. पण भाचीला पूर्ण पैसे परत करावे लागले आणि त्या मोहल्ल्यातून तिला पुढे सहा महिने एकही ऑर्डर आली नाही. तिने आम्हाला एक शब्दही बोलून दाखवला नाही. त्याचेच आम्हाला जास्त वाईट वाटले. कारण चूक तिची नव्हती. तीस वर्षे रंगलेला माल विकणाऱ्या माणसाला जे कळायला हवे होते, ते आम्हाला त्या दिवशी सुचले नाही.

गोळी म्हणजे रंगाची हौदीच

टॉवेलवरचा डाग का गेला नाही, हे आमच्या धंद्यातल्या माणसाने पाच मिनिटे विचार केला तरी उमगेल. आम्ही दिलेला रंग रिॲक्टिव जातीचा होता. कारखान्यात त्याला कोल्ड ब्रँड म्हणतात. सुती कापड रंगवताना आपण काय करतो? कोमट पाण्यात रंग घालतो, मीठ घालतो म्हणजे रंग पाणी सोडून सुताकडे धावतो, आणि शेवटी सोडा घालतो म्हणजे रंग सुताशी कायमचा जोडला जातो. रिॲक्टिव छपाईच्या लेपात तर खायचा सोडाच वापरतात.

आता भाचीची गोळी पाहा. तिच्यात खायचा सोडा होता. शोभेसाठी सैंधव मीठ होते. पाणी कोमट होते. वर आमचा रंग. म्हणजे आंघोळीच्या नावाखाली आम्ही रंगाची हौदीच तयार करून दिली होती, आणि शेवटी तिच्यात सोलापुरी टॉवेल बुडाला. रंगाने आपले काम चोख केले. कापडाला पक्का धरणे हाच त्याचा गुण, आणि आंघोळीत तोच त्याचा ऐब.

सोड्याचा हिशेबही समजून घ्यावा. शंभर ग्रॅम सायट्रिक ॲसिड पुरते विझवायला सुमारे १३१ ग्रॅम सोडा लागतो. सर्वसाधारण गोळीत दोन भाग सोडा आणि एक भाग ॲसिड असते. म्हणजे दोनशे ग्रॅम सोड्यातला सुमारे ६९ ग्रॅम फसफसून झाल्यावरही पाण्यात शिल्लक राहतो. पाणी हलके सोडामय होते. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे वनस्पतींच्या रंगांची गंमतही याच शिल्लक सोड्यामुळे होते.

कापडाचे दुसरे रंगही निर्धोक नाहीत. ॲसिड जातीचे रंग रेशीम आणि लोकर रंगवतात. रेशीम आणि लोकर म्हणजे प्रथिने, आणि आपली त्वचा, केस, नखे हीसुद्धा प्रथिनेच. जो रंग रेशमाला घट्ट धरतो तो तळहातालाही धरू पाहणार. शिवाय रिॲक्टिव रंगाची कोरडी पूड नाकातोंडात गेली तर काहींना दम्यासारखा त्रास जडतो. रंगखात्यातील जुन्या कारागिरांना हे ठाऊक आहे. भाची रंग मोजताना शिंकत होती, हे तिने आम्हाला नंतर सांगितले.

आणखी एक गोष्ट. काही ॲझो रंग फुटून त्यातून कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये सुटतात. जर्मनीने १९९४ साली अशा रंगांच्या कपड्यांवर कायद्याने बंदी आणली, तेव्हा निर्यातीचे व्यापारी खडबडून जागे झाले. आपल्या सरकारने १९९७ साली ७० ॲझो रंगांवर बंदी घातली. आम्ही तेव्हा वडिलांच्या गादीवर नवखे होतो, पण तपासणीच्या कागदांसाठी झालेली धावपळ आठवते. सगळेच ॲझो रंग वाईट असे नाही. खाण्याला परवानगी असलेला टारट्राझीन हाही ॲझोच आहे. मुद्दा असा की डब्यात नेमके काय आहे ते कळल्याशिवाय रंग अंगाला लावू नये. कापडाचा रंग विकणारा त्वचेची हमी देत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही करू नये.

मग कोणते रंग घ्यावेत?

बाजारात या कामासाठी मुख्यतः चार प्रकारचे रंग मिळतात. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

१) पाण्यात विरघळणारे रंग. यात टारट्राझीन (सी.आय. १९१४०) पिवळा, सनसेट यलो (सी.आय. १५९८५) केशरी आणि ब्रिलियंट ब्ल्यू (सी.आय. ४२०९०) निळा हे नेहमीचे. यांचा एक चिमटाही पुष्कळ होतो. कोरड्या गोळीत रंग फिका दिसतो आणि पाणी लागताच खुलतो. नवखा माणूस फिकेपणाला फसून जास्त घालतो आणि मग बादली, फरशी, टाचा रंगतात. तेव्हा कोरडी गोळी पाहून रंग ठरवू नये, पाण्यात टाकून ठरवावा. पाण्यातला पातळ रंग गोळीत घालू नये, कारण साच्यातच फसफस सुरू होते. कोरडी पूड थोड्या सोड्याबरोबर खलून, चाळून मगच सगळ्या मालात मिसळावी. नाहीतर ठिपके पडतात.

२) लेक रंग. 'लेक' हा इंग्रजी शब्द आपल्या लाखेवरून आला आहे. ती लाख ज्यापासून बांगड्या करतात. विरघळणारा रंग ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या बारीक भुकटीवर बसवला की तो पाण्यात विरघळेनासा होतो. त्यालाच लेक म्हणतात. गोळीवर तो भरदार दिसतो आणि पावसाळी हवेत ठिपके कमी पडतात. पण विरघळत नसल्याने त्याचे कण भांड्याच्या कडेला वर्तुळ करून बसतात. त्यासाठी पॉलिसॉर्बेट ८० नावाचे पातळ द्रव्य हजार ग्रॅम मालाला दहा-पंधरा ग्रॅम घालतात. ते तेल आणि रंग दोन्ही पाण्यात पसरवून ठेवते.

३) अभ्रकाचे चमकदार रंग, म्हणजे मायका. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइड किंवा लोहाचे ऑक्साइड चढवलेले असते. चमक सुंदर येते, पाण्याला मात्र रंग फारसा येत नाही. चकाकी वर तरंगते आणि कडेला चिकटते. काही निळ्या मायकात प्रशियन ब्ल्यू असतो आणि तो सोड्यात टिकत नाही. म्हणून निळा मायका घेताना आत काय आहे ते विचारावे.

४) खनिज रंग. लाल, पिवळा, काळा लोह ऑक्साइड (सी.आय. ७७४९१, ७७४९२, ७७४९९) सोड्याला आणि ॲसिडला चांगले टिकतात. त्यांचा रंग मातकट असतो आणि ते तळाशी बसतात. कारखान्यात शुद्ध केलेलाच माल घ्यावा. रंगकामाच्या दुकानातला गेरू स्वस्त असला तरी त्यात शिसे किंवा आर्सेनिक किती हे कोणी तपासलेले नसते. अल्ट्रामरीन निळ्याबद्दल (सी.आय. ७७००७) विशेष सावधगिरी हवी. कपड्याला घालायची पुडीतली नीळ बहुधा हीच. ॲसिडशी तिचे वैर आहे. दमट हवेत सायट्रिक ॲसिड तिला फोडते, रंग उडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. एका बाईने गुलाबाचे अत्तर घालून केलेल्या गोळ्या याच वासामुळे फेकल्याचे आम्ही पाहिले आहे.

वनस्पतींचे रंग

"हळद, बीट, जास्वंद असताना रसायने कशाला?" असा प्रश्न भगिनी विचारतात. प्रश्न चांगला आहे, पण उत्तर सरळ नाही. हळदीला चुना किंवा सोडा लागला की ती लाल होते. कुंकू असेच बनते. शिल्लक सोड्याच्या पाण्यात हळदीची पिवळी गोळी केशरी-तांबूस होऊ लागते, आणि पांढऱ्या बादलीला डाग पाडते तो वेगळा. जास्वंदीचा लाल रंग सोड्यात निळसर-करडा होतो. बिटाची पूड उजेडात आणि उष्णतेत तपकिरी पडते. स्पिरुलिनाचा हिरवा रंग उन्हात उडतो. कापडाच्या कारागिराला यात नवल नाही. तुरटी आणि हिरड्याशिवाय वनस्पतीचा रंग टिकत नाही, हे त्याच्या आजोबांनाही ठाऊक होते.

तरीही वनस्पतींचे रंग चालतात. मात्र गिऱ्हाइकाला खरे सांगावे : "रंग सौम्य आहे, महिन्याभरात फिका होईल, पाण्यात थोडा बदलेल." जो माल जसा आहे तसा सांगून विकला जातो, त्यावर तक्रार येत नाही. दुसरे असे की वनस्पतीचा म्हणजे निर्धोक, हा समज चुकीचा आहे. त्वचेची खाज वनस्पतीनेही उठते.

कारमाइन आणि आपला प्रश्न

गुलाबी-लाल रंगांत कारमाइन (सी.आय. ७५४७०) नावाचा एक रंग आहे. तो कोचिनियल नावाच्या किड्यापासून काढतात. काही गुलाबी मायकातही तो असतो. अंगाला बाहेरून लावण्याविषयी आलिमांची मते जाणून घ्यावीत. फतवा देणे हे व्यापाऱ्याचे काम नाही. व्यापाऱ्याचे काम एवढेच की आत काय आहे ते लेबलावर स्पष्ट लिहावे, म्हणजे घेणारा आपला निर्णय घेईल. पॉलिसॉर्बेट वनस्पतीच्या तेलापासूनही बनते आणि प्राण्याच्या चरबीपासूनही. पुरवठादाराकडून ते लिहून घ्यावे. तसेच तेल आणि मायका जास्त असलेल्या गोळीनंतर अंगावर थर राहतो, म्हणून शेवटी साध्या पाण्याने अंग धुण्याची सूचना पाकिटावर छापावी. मेंदीसारखा नुसता रंग ही एक बाब आणि पाणी अडवणारा थर ही दुसरी, हे आपल्या घरात सर्वांना माहीत आहे.

रंग विकत घेताना

खालील गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

- डब्यावर कलर इंडेक्स क्रमांक आहे का? "रोज पिंक", "रॉयल ब्ल्यू" ही नावे दुकानदाराची असतात. रंगाची खरी ओळख क्रमांकाने पटते.
- सौंदर्यप्रसाधनासाठीचा माल आहे असे बिलावर लिहून मिळते का? बॅच नंबर आणि तपासणीचा दाखला मिळतो का?
- आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे सौंदर्यप्रसाधनातील सेंद्रिय रंगात शिसे दहा लाख भागांत २० भागांपेक्षा जास्त, आर्सेनिक २ भागांपेक्षा जास्त आणि इतर जड धातू १०० भागांपेक्षा जास्त असू नयेत. दाखल्यावर हे आकडे शोधावेत.
- कोणते रंग चालतात त्याची यादी भारतीय मानक ४७०७, भाग १ मध्ये आहे. क्रमांक त्या यादीशी पडताळावा.
- खाण्याच्या मिठाईसाठी आपल्याकडे आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. पण सुट्या पुडीतला "मिठाईचा रंग" तोच असेल याची खात्री नसते. सीलबंद, छापील लेबलाचाच घ्यावा.

विक्रीसाठी माल बनवायचा तर कायद्याचीही बाजू आहे. ही गोळी सौंदर्यप्रसाधनांत मोडते. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम तिला लागू होतात आणि उत्पादनाचा परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करावी. ज्यांना स्वतःची जागा आणि यंत्रणा परवडत नाही त्यांना दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात माल बनवून घेण्याची, म्हणजे लोन लायसन्सची, सोय नियमांत आहे. चार-पाच भगिनींनी मिळून हा मार्ग धरला तर खर्च वाटला जातो. परदेशी माल पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की अमेरिकेत पुष्कळ कृत्रिम रंगांची प्रत्येक बॅच सरकारी दाखल्याची लागते आणि युरोपची स्वतंत्र यादी आहे.

घरची परीक्षा

त्या प्रसंगानंतर आम्ही भाचीला कापडवाल्याची परीक्षा शिकवली. खर्च काहीच नाही.

एका बादलीत कोमट पाणी घेऊन एक गोळी टाकावी. त्यात पांढऱ्या सुती टॉवेलची एक चिंधी आणि पांढऱ्या रेशमाची एक चिंधी अर्धा तास बुडवावी. मग साध्या साबणाने धुऊन वाळवावी. सुतावर डाग राहिला तर गिऱ्हाइकाचा टॉवेल जाणार. रेशमावर राहिला तर कातडीलाही रंग धरण्याची भीती. बादलीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवावे. वर्तुळ दिसले तर रंग कमी करावा किंवा पॉलिसॉर्बेट वाढवावे. नंतर ते पाणी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावे. शेवटी एक गोळी बंद डब्यात आणि एक खिडकीत पंधरा दिवस ठेवावी. रंग उडतो का आणि वास बदलतो का ते कळते. आम्ही हजार ग्रॅमला एक ग्रॅम लेक रंगापासून सुरुवात करायला सांगतो. विरघळणारा रंग त्याहूनही कमी. वाढवणे सोपे असते, कमी करता येत नाही. रंग मोजताना तोंडावर फडके बांधावे आणि पंखा बंद ठेवावा.

सव्वीस पैशांचा हिशेब

शेवटी व्यापाऱ्याच्या भाषेत बोलू. समजा, कापडाचा रंग चारशे रुपये किलो आणि दाखल्याचा रंग तीन हजार रुपये किलो. फरक ऐकून छाती दडपते. पण शंभर ग्रॅमच्या गोळीत हजाराला एक या प्रमाणाने रंग लागतो तो ग्रॅमचा दहावा हिस्सा. पहिल्या रंगाचे चार पैसे होतात आणि दुसऱ्याचे तीस. एका गोळीमागे वाचतात सव्वीस पैसे. या सव्वीस पैशांसाठी, आणि आमच्या बाबतीत तर फुकटच्या पुडीसाठी, भाचीचे सहा महिने गेले.

आता ती पुन्हा काम करते आहे. गुलाबीसाठी ती दाखल्याचा लेक रंग घेते आणि प्रत्येक पाकिटावर क्रमांक छापते. गेल्या ईदला त्याच लग्नघरातून तिला पुन्हा ऑर्डर आली. आमच्या दुकानात रंगाच्या डब्यांवर आम्ही एक चिठ्ठी लावली आहे : "फक्त कापडासाठी." ज्या व्यापारी बांधवांच्या दुकानात असे डबे आहेत त्यांनी आजच ही चिठ्ठी लावावी. नात्यातली मुलगी चमचाभर रंग मागायला आली तर तिला प्रेमाने नाही म्हणावे, आणि का नाही ते बसवून समजावून सांगावे.